पोटावरच्या पिशवीसकट

पहिल्यांदा वासाबद्दल लिहिते. ज्याच्या पोटावर नुकतीच पिशवी लागली आहे त्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो आणि तो कुणाला विचारायची सोय नसते. तर, वास येतो. नीट चिकटवलेल्या पिशवीचा येत नाही. रिकामी करताना येतो, गळली की येतो, आणि सुरुवातीचे काही महिने ती गळतेच. मला त्या वासाची किळस यायची. अजूनही येते. हे वाचून तुमची किळस जाईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. अशी आश्वासनं देणारे लेख मी हॉस्पिटलात पडल्या पडल्या वाचले आणि प्रत्येक वेळी मोबाइल उशीखाली कोंबला.

मी मंदाकिनी, वय चोपन्न. काशीत दूधविनायकाच्या गल्लीत आमचं घर आहे. घरात मराठी बोलतो, उंबरा ओलांडला की हिंदी. आमचे हे वेदपाठशाळेत शिकवतात. मुलगी ऋचा एमेस्सी करते. वरच्या मजल्यावर धाकटे दीर आणि जाऊ कुमुद. महाराष्ट्रातून श्राद्धासाठी येणाऱ्या यात्रेकरूंचा सोवळ्यातला स्वयंपाक मी आणि कुमुद मिळून करायचो. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी. आंघोळ करून, धाबळी नेसून, कुणाचा स्पर्श होऊ न देता. कुणाच्या पदराचं टोक लागलं तर मी पुन्हा आंघोळ करायची, माघाच्या थंडीतसुद्धा. मला त्याचा अभिमान होता. अशा बाईच्या पोटावर विष्ठेची पिशवी आली.

•

रक्त जायला लागलं तेव्हा मी सात-आठ महिने कुणाला सांगितलं नाही. मूळव्याध असेल, असं स्वतःला समजावलं. संडासातलं बोलायचं कुणाशी? यांच्याशी? तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी एकमेकांसमोर पोट बिघडल्याचासुद्धा उच्चार केला नव्हता. वैद्यांकडून चूर्ण आणलं, तेही ऋचाच्या नावावर. तिचं पोट साफ होत नाही म्हणून सांगितलं. मुलीच्या नावावर स्वतःचा आजार खपवला, याची लाज मला नंतर वाटली. तेव्हा नाही वाटली.

ऋचानेच एक दिवस बाथरूममध्ये धुवायला टाकलेला रक्ताचा परकर पाहिला आणि मला ओढत हॉस्पिटलात नेलं. शहरातलं मोठं हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. डॉक्टर ऋचापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा असेल. त्याने हातमोजा घालून तपासलं. मी भिंतीकडे तोंड करून होते. भिंतीवर पानाची पिंक होती आणि मी मनाशी म्हणत होते, इथे आत येऊन कुणी थुंकलं असेल? तेवढाच विचार करत राहिले. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढला. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे न बघता यांच्याशी बोलला. आतड्याच्या शेवटच्या टोकाला कॅन्सर आहे. आधी केमो आणि रेडिएशनचा शेक, मग ऑपरेशन. खालचा मार्ग बंद करावा लागेल. पोटावर भोक पाडून आतडं बाहेर काढू, त्यावर पिशवी. कायमची.

यांनी विचारलं, "और पूजा?"

डॉक्टरला कळलंच नाही. "जी?"

"मतलब, ये फिर पूजा में कैसे बैठेंगी?"

मला यांची इतकी शिसारी आली की मी खुर्ची सरकवून घेतली. बायको मरेल का, हे विचारलं नाही. पण खरं सांगते, तेव्हा माझ्याही मनात तोच प्रश्न आला होता. मरणाचा नंतर आला.

•

केमोबद्दल आणि शेकाबद्दल लिहीत नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय आणि प्रत्येकाचं वेगळं असतं.

ऑपरेशननंतरच्या वॉर्डात माझी खाट संडासाच्या दाराजवळ होती. दार बंद व्हायचं नाही. जो तो आत जाताना नाक मुरडायचा आणि बाहेर येताना तसंच सोडून यायचा. नातेवाइकांच्या डब्यांचा, फिनाइलचा, जखमांचा आणि त्या दाराचा असा एक मिळून वास होता. शेजारच्या बाईचा नवरा तिथेच बसून कचोरी खायचा. मी डोळे मिटून घ्यायची.

चौथ्या दिवशी मालती सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सतत घाईत. माझ्या पोटावरचं कापड काढून म्हणाल्या, "देखिए चाची। रोज़ देखना है, तो आज ही देख लीजिए।"

मी पाहिलं. लाल, ओलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं, पोटातून वर आलेलं. स्टोमा म्हणतात त्याला. आणि ते हललं. आपल्याला न विचारता हललं. मला कोरडी उलटी आली, टाक्यांतून कळ गेली. सिस्टरनी माझी मान धरली आणि म्हणाल्या, "आँख मत मूँदिए। इसी के भरोसे जी रही हैं आप।"

हे दारात उभे होते. सिस्टरनी पिशवी काढलेली त्यांनी पाहिली, वळले आणि निघून गेले. नंतर कळलं, बाहेर व्हरांड्यात ओकले. पुढचे दोन दिवस पिशवी बदलायच्या वेळी ते आलेच नाहीत. पाठशाळेत परीक्षा आहेत, असा निरोप पाठवला. परीक्षा नव्हत्या.

पिशवी बदलायला ऋचा शिकली. पिशवी जिच्यावर बसते त्या चिकट चकतीचं भोक स्टोमाच्या मापाने कापायचं, कातडी कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करायची, मग तळव्याच्या उबेने चिकटेपर्यंत चकती दाबून धरायची. तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. तिलाही किळस येत होती. ते मला दिसत होतं आणि मला तिचीही भीती वाटत होती, की एक दिवस हीसुद्धा व्हरांड्यात जाईल.

•

घरी आल्यावर कुमुदने माझं ताट वेगळं केलं. फार गोड बोलून केलं.

"वहिनी, तुम्ही आता आराम करा हो. स्वयंपाकघरात पायसुद्धा नका टाकू. मी बघते सगळं."

मी चुलीपासून चार हात लांब उभी राहिले तरी तिचा हात थांबायचा. मी गेले की ती फरशीवर पाणी शिंपडायची. दारामागून मी ते पाहिलंय. तिच्यावर संतापायचा मला हक्क नव्हता. याच ओट्याजवळून मी पाळीच्या दिवसांत चौदा वर्षांच्या ऋचाला हाकललं होतं, आणि भांडी घासणाऱ्या बाईला वर्षानुवर्षं पायरीवर बसवून वरून चहा ओतला होता. कुमुदला हे सगळं मीच शिकवलं होतं. त्यामुळे चीड आली ती तिच्यापेक्षा स्वतःची जास्त, आणि ती गिळता येईना.

हे बैठकीत झोपायला लागले. "तुला त्रास नको," म्हणाले.

चैत्रात मंगलागौरी घाटाच्या बाजूला एका ओळखीच्या घरी हळदीकुंकू होतं. ऋचा म्हणाली, "आई, तू जा तो सही. कितने दिन घरात बसणार?" मी गेले. आंब्याची डाळ हातात घेतली आणि पोटावर काहीतरी गरम पसरलं. चकती सुटली होती. मी पदर दाबून बसले. दोनच मिनिटांत समोरच्या बाईने नाकाला रुमाल लावला. यजमानीण खिडकी लावत म्हणाली, "ही नाली काही आमचा पिच्छा सोडत नाही." कुणीतरी उदबत्ती लावली. मीही मान हलवली, हो, नालीच. मग घामाघूम होऊन गल्लीतून घरी आले. गल्लीत शेण होतं, उघडी नाली होती, कोपऱ्यात कुणी भिंतीशी उभं होतं. त्या सगळ्यातून लोक नाक न झाकता चालले होते. माझ्याजवळ आल्यावर मात्र दोघं बाजूला वळून गेले.

त्यानंतर मी जेवणं बंद केलं. खाल्लंच नाही तर पिशवी भरणार नाही, असा सरळ हिशेब. दोन घास भात, ताक, बस. कुणी आग्रह केला तर जेवले म्हणून सांगायची. महिन्याभरात हाडं वर आली आणि एक दिवस जिन्याच्या पायरीवरच मी कोसळले.

ऋचाने मला उचलून पलंगावर ठेवलं आणि बैठकीत गेली. तिचा आवाज घरभर ऐकू आला.

"बाबा, मी किती दिवस एकटी करू? तुम्हाला घिन येते, काकूला घिन येते, आता आईलाच स्वतःची घिन येते. मलाही येते! रोज येते! मी सोडून गेले का?"

 बऱ्याच वेळाने हे आत आले. सदरा काढून ठेवला होता, बनियनवर होते, धोतर वर खोचलेलं. म्हणाले, "मंदा, कसं करायचं ते सांग."

मी नाही म्हणाले. खरंच नको होतं मला. नवऱ्याने आपल्याला या अवस्थेत पाहावं यापेक्षा मेलेलं बरं, असंच वाटत होतं. ते हटले नाहीत. ऋचा सांगत गेली, ते करत गेले. चकती अर्धी सुटली आणि ते ताडकन उठले. मोरीत ओकण्याचा आवाज आला. मी छताकडे बघत पडले होते. म्हटलं, गेले.

चूळ भरल्याचा आवाज आला. मग पावलं. ते परत येऊन पलंगाशी बसले, चेहरा पांढराफटक, आणि म्हणाले, "हं. पुढे?"

आमच्या घराचं बरं होणं त्या दिवसापासून धरते मी. यांची किळस गेली नाही. पुढे कित्येक दिवस ते मध्येच उठून मोरीकडे जात आणि परत येऊन बसत. मी खायला लागले. वर कुमुदने आपली चूल वेगळी मांडली. श्राद्धाचा स्वयंपाक ती आता एकटी करते. माझ्या हातचं ती आजही खात नाही. एकाच जिन्यावरून आम्ही चढतो-उतरतो, सणाला बोलतो, आणि ते तेवढंच आहे. सगळं जुळून आलं असं लिहायला मला आवडलं असतं.

•

ऑपरेशनला वर्ष होत आलं. तपासण्या स्वच्छ आल्या. एका तपासणीच्या दिवशी मालती सिस्टर मला कॉरिडॉरमध्ये अडवून म्हणाल्या, "चाची, एक काम कीजिए। सात नंबर पर एक औरत है। पाँच दिन से मुँह फेरे पड़ी है। आप ज़रा बैठ जाइए उसके पास।"

"मैं क्या बोलूँगी?"

"मत बोलिए। बैठ जाइए।"

मला जायचं नव्हतं. त्या वॉर्डाचा वास नाकात शिरला तशी मी मागे वळले. माझी घाण मला पुरे झाली होती, दुसऱ्याची कशाला बघू? पण सिस्टर माझं कोपर धरून चालत होत्या.

सात नंबरवर सरोज होती. तीस-बत्तीसची, गाझीपूरकडची. भिंतीकडे तोंड. मी स्टुलावर बसले. ती वळली नाही. शेवटी मीच कंटाळले, उठले, पडदा ओढला आणि लुगडं खाली सरकवून माझी पिशवी तिला दाखवली. ती वळून पाहू लागली. एकटक. मला लाज वाटली नाही, कारण तिच्या डोळ्यांत कीव नव्हती. ती माप घेत होती.

तिने विचारलं, "रोटी बनाती हो?"

"बनाती हूँ।"

"कोई खाता है?"

मी खोटं बोलणार होते. बोलले नाही. "आदमी खाता है। बेटी खाती है। देवरानी नहीं खाती।"

"तो तुम क्या करती हो?"

"मैं भी उसके हाथ का नहीं खाती।"

सरोज हसली. टाक्यांमुळे लगेच कळवळली, पण हसली. सिस्टरनी डाळीचं पाणी आणलं आणि ती अर्धी वाटी प्यायली. मला कुणी फार मोठं काही केल्याबद्दल शाबासकी द्यावी असं वाटलं नाही. घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली. पण पुढच्या गुरुवारी सकाळी, कुणी न बोलावता, मी रिक्षात बसले होते.

आता दर गुरुवारी जाते. ओपीडीच्या बाहेर एका बाकावर बसते. सिस्टर माणसं पाठवतात. मी डॉक्टर नाही, औषधातलं काही सांगत नाही. भोक मोठं कापलं तर कातडी सोलवटते, हे सांगते. प्रवासाला निघताना जास्तीची पिशवी आणि एक जुनी साडी कशी ठेवायची, पिशवी अर्धी भरण्याआधीच कशी रिकामी करायची, हे दाखवते. आणि जेवण सोडू नका, हे दरडावून सांगते.

हेही येतात. बायकांशी मी बोलते, नवऱ्यांना हे बाजूला चहाच्या टपरीवर नेतात. तिथे काय बोलतात म्हणून एकदा विचारलं. म्हणाले, "दुसरं काय? मी किती वेळा ओकलो ते सांगतो. मग तेही सांगतात."

•

आमच्या समाजातल्या एका मंडळाने माझा सत्कार केला. व्यासपीठावर बाई म्हणाल्या, यांनी किळसेवर मात केली, या साक्षात देवी आहेत. मग शाल घालायला पुढे आल्या. शाल माझ्या खांद्यावर टाकताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. रोखलेला श्वास मला लगेच ओळखता येतो. मी नारळ तिथेच ठेवून घरी आले. देवी म्हटलं की जवळ बसावं लागत नाही, लांबून हात जोडले की झालं. त्यापेक्षा कुमुद बरी, ती निदान माझ्या हातचं खायला उघडपणे नाही म्हणते.

•

या हिवाळ्यात सिस्टरनी सांगितलं, रामरती नावाची म्हातारी ऑपरेशननंतर एकदाही आली नाही. चंदौलीच्या बाजूचं गाव. मुलाचा फोन लागतो, पण "ठीक हैं" एवढंच बोलून तो बंद करतो.

आम्ही दोघं ऑटोने गेलो. पक्कं दुमजली घर, दारात ट्रॅक्टर. मुलाने यांचं धोतर आणि कपाळावरचं गंध पाहिलं, वाकून पाय धरले, खुर्च्या मांडल्या. मी विचारलं, "अम्मा कहाँ हैं?" तो घुटमळला. मग घरामागे घेऊन गेला.

गोठ्यात एका बाजूला दोन म्हशी, दुसऱ्या बाजूला खाट. खाटेवर म्हातारी. पोटावर किराण्याची पॉलिथिनची पिशवी सुतळीने बांधलेली. भोवतीची कातडी पार सोलून निघालेली, त्यावर माश्या. तिने आम्हाला पाहून पदर ओढायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ती काय बोलली असेल? "दूर रहो बेटी, महक आएगी।"

मुलगा म्हणाला, "अम्मा खुद ही बोलीं, बाहर रहेंगी। पूजा-पाठ वाला घर है न।"

इतका घाणेरडा वास मी आयुष्यात घेतला नव्हता, आणि तो म्हातारीचा नव्हता. स्वच्छ इस्त्रीच्या सदऱ्यातल्या त्या माणसाची मला जी किळस आली, तिच्यापुढे माझ्या पोटावरचं सगळं धुवून निघालं. मी ओरडणार होते. यांनी माझ्याआधी शांतपणे सुरुवात केली.

"मेरे घर में भी भगवान हैं, बेटा। तुमसे ज़्यादा ही होंगे। इनके पेट पर यही थैली है। मैं अपने हाथ से बदलता हूँ। फिर नहाता हूँ, फिर संध्या करता हूँ। गरम पानी मँगवाओ, और खटिया भीतर ले चलो।"

त्याने लगेच दोघा गड्यांना हाक मारली, खाट उचलली गेली. त्याला आईची दया आली असं नाही. पंडितजींनी सांगितलं म्हणून त्याने केलं. त्याला धोतर दिसलं, आई दिसलीच नाही. मला त्याचीही शिसारी आली, पण खाट आत जाऊ दिली.

आतल्या खोलीत मी सुतळी कापली. दारात सून उभी होती, मीना, पदर नाकावर घट्ट. मी म्हटलं, "नाक ढकना है तो ढको। मैं भी ढकती थी। पर हाथ इधर लाओ।" ती आली. डोळ्यांतून पाणी, मधेच उमासा, मधेच बाहेर धाव. परत आली. कातडी पुसताना म्हातारी एकदा विव्हळली आणि तिने सुनेचं मनगट धरलं. सुनेने ते सोडवून घेतलं नाही. मी माप दाखवलं, भोक कापलं, चकती दाबून धरायला तिचाच तळवा त्यावर ठेवला. "गिनो मत। गरम होने दो।" मग सांगितलं, ही कातडी डॉक्टरला दाखवावीच लागेल, गुरुवारी घेऊन ये.

परतताना ऑटोत हे म्हणाले, "आणेल का गं?"

"नाही आणायची," मी म्हणाले. मला माणसांबद्दल फार आशा उरलेली नाही.

पुढचा गुरुवार गेला. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी गर्दी होती, मी एका माणसाला पिशवीचा पट्टा कमरेला कसा बांधायचा ते दाखवत होते, तेव्हा मीना म्हातारीला कमरेत धरून कॉरिडॉरमधून येताना दिसली. मुलगा बरोबर नव्हता. बसमध्ये दोघींना बसायला जागा मिळाली नव्हती, उभ्याने आल्या होत्या. मी सरकून बाकावर जागा केली. म्हातारीचा पदर बाजूला करून पाहिलं. कातडीवर खपली धरत होती. चकती बरोबर मापाची कापलेली, एकाही बाजूने सुटलेली नव्हती.

"किसने लगाया?"

"हम लगाए हैं," मीना म्हणाली. नाकावरचा पदर तिने सोडला नव्हता, म्हणून शब्द जरा अस्पष्टच आले.